मागे डीना आहे

आमच्या कॉलेजची बस मी चालवते. फुटबॉलवाले, कुस्तीवाले, पोहणारे, सगळ्यांना मी या डोंगरातून त्या डोंगरात नेऊन आणते. पण अ‍ॅक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंगच्या, म्हणजे कोलांट्या मारणाऱ्या आणि एकमेकींवर चढून मनोरे रचणाऱ्या मुलींचा संघ हा एकच असा, की नाव सांगितलं की गावातला माणूस हमखास विचारतो, "म्हणजे ते चिअरलीडिंग ना?" डीना स्लेगलनं हा प्रश्न किती वेळा ऐकला असेल! चर्चच्या तळलेल्या माशांच्या जेवणाच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरकडे, सख्ख्या काकाच्या दफनाच्या वेळीसुद्धा. तिचं उत्तर ठरलेलं असे. "नाही हो. आम्ही कुणासाठी ओरडत नाही. आमच्यासाठी कुणीतरी ओरडावं म्हणून वाट बघतोय."

डीना या संघाची सहायक कोच. याच कॉलेजात ती शिकली, याच संघात खेळली, आणि पदवीची टोपी डोक्यावरून उतरते न उतरते तोच इथेच कामाला लागली. खेळायची तेव्हा ती बेस होती. म्हणजे खाली पाय रोवून उभी राहणारी आणि वरच्या मुलीला हातांवर, खांद्यांवर पेलणारी. वर चढते ती टॉप. फोटो टॉपचा छापून येतो. बेसचं फार तर कपाळ दिसतं, तेही अर्धं. डीनाच्या आईच्या फ्रिजवर असे बरेच फोटो होते आणि आई पाहुण्यांना बोट ठेवून दाखवायची, "हे बघा, हा कोपर माझ्या लेकीचा."

सहायक कोचचं काम काय? मुख्य कोच करत नाही ते सगळं. बर्फ आणायचा, मनगटांना पट्ट्या बांधायच्या, रडणाऱ्या पोरीच्या बापाचे फोन घ्यायचे, मॅटच्या गुंडाळ्या खांद्यावरून वाहायच्या. सकाळी गावातल्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून जायचं आणि दुपारी जिममध्ये यायचं. मध्ये एक माणूस तिच्याशी लग्न करायला तयार होता. त्याला ओहायोत नोकरी लागली. तो म्हणाला, चल. ही म्हणाली, मोसम संपू दे. मोसम संपेपर्यंत त्याचं तिकडे दुसरीशी जमलं. मी तेव्हा तिच्यावर चिडले होते, आजही चिडते.

पण एक काम होतं, ते तिच्यासारखं कुणालाच जमत नसे. सरावात मनोरा उभा राहिला की डीना त्याच्या मागे जाऊन थांबायची, दोन्ही हात वर करून, तळवे उघडे ठेवून. पडणारी पोरगी कुठून पडणार हे डीनाच्या हातांना डीनाच्याही आधी कळायचं. नवीन मुली चढताना घाबरून मागे वळून बघतात, आणि वळलं की तोल गेलाच. म्हणून पहिल्याच दिवशी ती त्यांना सांगायची, "मागे बघायचं नाही. मागे मी आहे." आठवड्याभरात मुली बघणं सोडून द्यायच्या. तिच्या इतक्या वर्षांत जिममध्ये एकही मुलगी जमिनीवर आपटली नाही. याचं कौतुक कुणी केलं नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचं कौतुक करायचं तरी कसं?

मग मुख्य कोच मार्लिस टीग निवृत्त व्हायची ठरली. दोनदा याआधी ती जागा रिकामी झाली होती आणि दोन्ही वेळा बाहेरचं माणूस आणून बसवलं होतं. या वेळी मार्लिसनं स्वतः डीनासाठी शब्द टाकला. क्रीडा विभागाचा संचालक हॉलोवेल, गोड बोलून गळा कापणारा माणूस, बसच्या दारात उभा राहून सगळ्यांसमोर डीनाला म्हणाला, "शेवटची लढत तूच सांभाळ. मार्लिस प्रेक्षकांत बसेल. ती जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत पोचलात, की जागा तुझी."

"आणि नाही पोचलो तर?" डीनानं विचारलं.

"असं अशुभ कशाला बोलतेस?" तो हसला. मला तेव्हाच त्याच्या पायावर बस घालावीशी वाटली होती.

लढत दुसऱ्या कॉलेजात होती. जाताना मुलींनी बसमध्ये इतका दंगा केला, की मी दोनदा दम भरला. "मिस गेल, आज ओरडू नका ना, आज आमची कोच कोच होणार आहे!" ऑब्री लँडिस म्हणाली. ऑब्री पहिल्या वर्षाची, आमची टॉप. चिमणीएवढा जीव, पण तोंड बंद म्हणून नाही.

"आणि इतके दिवस मी काय होते गं, पाण्याची बाटली?" डीना म्हणाली. सगळ्या खिदळल्या. तिनं नवीन जाकीट घातलं होतं. आईनं घेऊन दिलेलं. आरशात मला ती दिसत होती. तिला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला उगाचच भीती वाटत होती.

सरावात कोच मागे उभा राहू शकतो, लढतीत नाही. लढतीत कोचनं मॅटच्या कडेला थांबायचं. आत पाऊल टाकून मुलीला हात लावला, की गुण कापलेच. हे डीनाला ठाऊक नव्हतं असं नाही, तीच तर मुलींकडून नियम पाठ करून घ्यायची. शेवटच्या फेरीपर्यंत आम्ही पुढे होतो, थोडेच, पण पुढे. शेवटचा मनोरा चढला. ऑब्री सगळ्यांच्या वर उभी राहिली, हात पसरले, आणि तिचा डावा घोटा हलला.

मी वरच्या बाकावरून बघत होते. घोटा हलला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा डीना मॅटवर होती, मनोऱ्याच्या मागे, आणि तिचे दोन्ही तळवे ऑब्रीच्या पोटऱ्यांना टेकलेले होते. ऑब्री ताठ उभी होती. मग पंचानं हात वर केला.

आम्ही हरलो ते त्या कापलेल्या गुणांपायी. ते गुण कापले नसते तर जिंकलो असतो.

परतताना पेट्रोल पंपावर थांबलो, मुलींनी हातात घेतलेले सँडविच तसेच राहिले. ऑब्री पुढे आली आणि डीनाच्या शेजारी बसली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"कोच, मी सावरले होते. खरंच सावरले होते. मी पडणार नव्हते."

"माहीत आहे, बाळा."

"मग का आलात तुम्ही?"

डीनानं तिच्या हातात रुमाल दिला. डीना उतरताना मी विचारलं, "अगं, खरंच ती पडणार नव्हती?"

"मी बघितलंच नाही, गेल," ती म्हणाली. "हात गेले."

हॉलोवेलनं बाहेरची मुख्य कोच आणली. टॅरिन मॅकेबी, टेक्सासच्या मोठ्या विद्यापीठातून आलेली, वयानं डीनाहून बरीच लहान. मला तिचा राग राग करायचा होता, पण पोरगी वाईट नव्हती. डीनाला ती आदरानं वागवायची. फक्त पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "डीना, मुलींना तुमची सवय लागलीय. सरावात तुम्ही मागे असता, लढतीत नसता, म्हणून तिथे त्या डगमगतात. शिवाय तुम्हालाही सवय मोडायला हवी. मागे थांबा, पण हात खिशात. मी सांगेन तेव्हाच बाहेर काढा."

"बरोबर आहे," डीना म्हणाली.

"बरोबर काय, डोंबल!" मी नंतर तिला म्हटलं. "सोड ना ही नोकरी. शाळेत कायमची हो. कोण अडवतंय तुला?"

"आणि तिथे दुपारी काय करू?"

ती राहिली. हात आईनं दिलेल्या जाकिटाच्या खिशात घालून मनोऱ्याच्या मागे उभी राहू लागली. सुरुवातीला खिशातल्या खिशात मुठी हलताना दिसायच्या. पुढे त्याही हलेनाशा झाल्या.

जानेवारीत, शनिवारच्या बसची वेळ विचारायला मी जिममध्ये गेले होते. नवीन मनोरा बसवत होते. ऑब्री वर होती. ती मागे कलली, अगदी डीनाच्या बाजूला. यापूर्वी असं शेकडो वेळा झालं असेल. डीनानं टॅरिनकडे पाहिलं. एवढंच. नुसतं पाहिलं. मग हात खिशातून निघाले, पण तोवर ऑब्री मॅटच्या कडेपलीकडे लाकडी फरशीवर पडली होती आणि तिचा कोपर भलत्याच बाजूला वळला होता.

इस्पितळात तिला गुंगीचं औषध दिलं होतं. डीना पलंगापाशी उभी होती. ऑब्रीनं डोळे उघडले आणि रागानं नव्हे, अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "कोच, तुम्ही तर तिथेच होतात ना?"

"होते."

डीनाला मी गाडीनं घरी सोडलं. तिच्या दाराशी थांबल्यावर म्हणाली, "गेल, मी विचार केला. हात काढू की नको, असा. आधी मी कधी विचार करत नव्हते."

मी तिला जवळ घेतलं. "उद्यापासून काढ हात," मी म्हटलं, "ती टॅरिन काय म्हणायचं ते म्हणू दे." पण टॅरिननंच येऊन रडत सांगितलं, की पूर्वीसारखंच करा. ऑब्री मात्र परत आली नाही. ती आता वडिलांच्या गावी असते, आणि तो हात पुरता सरळ होत नाही.

डीना अजून सहायक कोचच आहे. मनोरा उभा राहिला की ती मागे जाऊन थांबते, दोन्ही हात वर, तळवे उघडे, अगदी पहिल्यासारखी. नव्या मुलींना अजून सांगते, मागे बघायचं नाही.

पण चढण्याआधी प्रत्येक मुलगी आता मागे वळून बघते.