साडेनऊला मरणारी नायिका

टपालमावशींनी अठ्ठावीस वर्षं गावात पत्रं वाटली. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच सोमवारी त्या सवयीने साडेआठला बूट घालून दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे यजमान म्हणाले, "अगं, आता कुणाला पत्र देणार? वीजबिल तेवढं मला आणून दे."

पण मावशी घरात बसल्या नाहीत. त्याच आठवड्यात चौकात एक जोडपं जाडजूड कादंबरी हातात धरून पत्ता विचारत फिरत होतं. पत्ता कादंबरीतला होता. नायिकेचं माहेर कुठे? मावशी म्हणाल्या, "टेकडीवर, शेवटून दुसरं घर. चला."

सव्वाशे वर्षांपूर्वी एका लेखकाने ही कादंबरी लिहिली, ती याच गावात राहून. टेकडी, पूल, गिरणी, दवाखाना, सगळं त्याने जसंच्या तसं उचललं होतं. वाचक दुरून बघायला येत. मग वाचनालयाने मावशींच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि दर रविवारची फेरी त्यांच्याकडे सोपवली. सहा वर्षं ती छान चालली. मावशींची तब्येत सुधारली, आवाज सुधारला, आणि घरात त्यांचं ऐकलं जाऊ लागलं.

फेरी टपालाच्याच वाटेने चाले. नऊला टपाल कचेरी. मग शेजारचा जुना दवाखाना. तिथे आता लाँड्री आहे, पण शेवटच्या प्रकरणात नायिका तिथेच मरते. पुढे गिरणी, मग पूल, मग चढण आणि सगळ्यात शेवटी टेकडीवरचं माहेर, जिथे ती जन्मते. तिथून सगळे बसने खाली. म्हणजे नायिका साडेनऊला मरायची आणि साडेअकराला जन्मायची. यात काही चुकतंय असं मावशींना कधी वाटलं नाही.

मग वाचनालयात तक्रार आली. एका बाईंनी लिहिलं होतं, 'माझ्या यजमानांनी कादंबरी वाचलेली नव्हती. मोठ्या मिनतवारीने त्यांना आणलं, तर पहिल्या अर्ध्या तासातच शेवट कळला. आता ते पुस्तकाला हात लावत नाहीत.'

नवे ग्रंथपाल शिस्तीचे होते. त्यांनी मावशींना बोलावून घेतलं. "मावशी, फेरी प्रकरणांच्या क्रमाने व्हायला हवी. या रविवारी मी स्वतः येतो. जमलं तर ठीक. नाहीतर आपण कानात घालायची यंत्रं आणू. लोक आपापले ऐकत फिरतील."

"यंत्राला कुत्रं चावत नाही, एवढाच फायदा," मावशी म्हणाल्या आणि घरी आल्या. पण जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. सुनेच्या ते लक्षात आलं आणि तिने सगळं काढून घेतलं.

"आई, आपण मांडून बघू ना," ती म्हणाली. तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर कांदा ठेवला, ती गिरणी. लाटणं म्हणजे पूल. दुधाचं पातेलं टेकडी. औषधाची बाटली दवाखाना. मग ती पुस्तक घेऊन एकेक प्रकरण सांगू लागली आणि मावशी नायिका म्हणून चमचा सरकवू लागल्या. पातेलं, कांदा, पुन्हा पातेलं, लाटणं, कांदा, पुन्हा पातेलं.

"ही बाई घरी बसतच नाही का?" यजमान दारातून म्हणाले.

"तुम्ही पातेल्याला पाय लावू नका," मावशी म्हणाल्या. "चारदा चढायचं आहे."

रविवारी चौदा माणसं आली. ग्रंथपाल नव्या कोऱ्या बुटांत होते. सून पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे. पहिलं प्रकरण टेकडीवर, म्हणून सगळे चढले. दुसरं गिरणीत, म्हणून उतरले. तिसऱ्याला पुन्हा चढले. एक आजोबा पुलावरच बसले आणि म्हणाले, "मी इथे थांबतो. नायिका आली की हाक मारा." टेकडीवर पोचल्यावर ग्रंथपालांनी एक बूट काढला आणि टाच बघितली.

"आता चौथं प्रकरण," मावशी म्हणाल्या.

"कुठे?"

"खाली."

"आणि पाचवं?"

मावशींनी नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं. ग्रंथपालांनी सुस्कारा सोडला. "मावशी, तुमची चूक नाही. पण हे चालणारं नाही. मी यंत्रांचं सांगून टाकतो."

तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "आई, तुमची नेहमीची फेरी उलटी केली तर?"

"उलटी? अगं, पिशवी जड असते तेव्हा आधी खालचं वाटून..." मावशी थांबल्या. उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. तिथे पिशवीचा पट्टा नव्हता. सहा वर्षं नव्हता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "बूट घाला. एक तास द्या. आता चढण नाही."

उतारावर त्यांनी माहेर सांगितलं, मग पूल, तिथले आजोबाही उचलले, मग गिरणी. मधली चार-सहा प्रकरणं मागेपुढे झाली, ती त्यांनी "हे आधीचं बरं का" म्हणून जागच्या जागी सारली. एक वायरमन बायकोच्या आग्रहाने आला होता आणि सकाळपासून फोनमध्ये डोकं घालून चालत होता. गिरणीपाशी तो अचानक पुढे आला. "मग? तिने चिठ्ठी दिली का त्याला?"

त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"चला, सांगते," मावशी म्हणाल्या, आणि मोठ्या कष्टाने गप्प बसल्या.

लाँड्रीवाली दारात उभी होती. "मावशी, बारा वाजले! दर रविवारी साडेनऊला आटोपता तुम्ही. मी काळजीत पडले."

मावशींनी मशीनच्या घरघरीत शेवटचं प्रकरण सांगितलं. गेल्या सहा वर्षांत इथे लोक माना डोलवायचे आणि फोटो काढायचे. आज कुणी फोटो काढला नाही. वायरमन बाकावर बसला होता. डोळे पुसून तो चक्क भांडणाच्या सुरात म्हणाला, "मावशी, तिला मारायला नको होतं."

"मी कुठे मारली? माझं काम पोचवायचं."

ग्रंथपाल एका पायावर उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते. "टेकडीवर जाणारी बस किती वाजता सुटते?"

"आठला. पण पुढच्या सीटवर मी बसते," मावशी म्हणाल्या.

त्यांनी तेही लिहून घेतलं.