पोपटी झाकण

आमच्या शाळेत थ्रीडी प्रिंटर आला तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला आधी हार घातला आणि मग कुलूप. शाळा मालवणपासून बरीच आत, भातशेतीच्या गावातली. महागडी वस्तू बिघडू नये असं वाटत असेल तर ती वापरूच नये, असा सरांचा सरळ विचार. विज्ञान मी शिकवते, म्हणून 'मुलांच्या हातून नवनिर्मिती' हा तास माझ्या गळ्यात पडला. किल्ली मात्र सरांच्याच खिशात राहिली.

पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिलं, 'काय बनवायचंय?' कोणी क्रिकेटची ट्रॉफी म्हणालं, कोणी गणपती, कोणी मोबाइलचा स्टँड. आठवीतली एक मुलगी पुढच्या बाकावरून उठली, कानामागचं ऐकायचं मशीन काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, माका ह्याचा झाकान करूचा आसा."

त्या मशीनच्या सेलवरचं नखाएवढं झाकण तुटलं होतं. झाकण मिटलं की मशीन चालू, उघडलं की बंद, अशी त्याची रचना. त्यामुळे झाकणाशिवाय ते नुसता दागिनाच. ती त्यावर चिकटपट्टी लावायची. घामाने पट्टी सुटायची, सेल घरंगळायचा आणि पुढचा तास तिच्यापुरता मूकपट व्हायचा. दुकानदार म्हणाला होता, हे मॉडेल आता येत नाही, नवीन घ्या. म्हणायला त्याचं काय जातं!

तिने कॅलिपरने मापं घेतली, संगणकावर झाकणाचा आकार काढला, आणि मी किल्ली मागायला गेले.

"मॅडम, शाळेचं यंत्र खाजगी कामाला वापरता येणार नाही," सर ऑफिसच्या मराठीत म्हणाले. "आधी पाहुण्यांची सन्मानचिन्हं."

यंत्राच्या उद्घाटनाला तालुक्याहून पाहुणे येणार होते. सन्मानचिन्ह म्हणून हापूस आंबा ठरला होता. यंत्र जी वितळवून वस्तू घडवतं ती प्लास्टिकची तार शाळेला एकाच रंगाची मिळाली होती, पोपटी. हापूस पोपटी निघेल, असं मी सांगून पाहिलं.

"मग कैरी म्हणू," सर म्हणाले.

पण कैरीही निघेना. वितळलेलं प्लास्टिक खालच्या प्लेटला चिकटतच नसे. जरा आकार धरला की अख्खी वस्तू सुटून सरकायची आणि यंत्र हवेत शेवया पाडत बसायचं. मी तापमान बदललं, प्लेटची पातळी पुन्हा लावली, मिळतील तेवढे व्हिडिओ पाहिले. मुलगी रोज दाराशी येऊन माझ्या तोंडाकडे बघायची आणि परत जायची. सर तर इतके धास्तावले की त्यांची ऑफिसची मराठी सुटली. "कोणाची तरी नजर लागली हा," म्हणाले आणि गावातल्या एका जाणत्या आजोबांना देवाला गाऱ्हाणं घालायला घेऊन आले. प्रिंटरवर नारळ ठेवून आजोबांनी खडा आवाज लावला, "ह्या मशीन कोणाच्या नजरेन अडला असात, तर ती नजर दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, विज्ञानाच्या बाईंसकट.

नारळ उचलताना माझा हात प्लेटला लागला. बोट बुळबुळीत झालं. वास घेतला तर खोबरेल तेल! आमच्याकडच्या दमट हवेत लोखंड टिकत नाही. विळी असो, कोयता असो, दाराची कडी असो, सगळ्यांवरून अधूनमधून तेलाचा हात फिरतो. सरांनी तीच माया प्रिंटरवर केली होती. ते रोज यंत्र पुसतात हे मला ठाऊक होतं, तेलाने पुसतात हे आत्ता कळलं. शाळा सुटली की ते कुलूप काढत, प्लेट तेलाने निगुतीने पुसत आणि पुन्हा कुलूप लावत. तेलकट प्लेटला चिकटणार काय, कपाळ!

आता हे त्यांना सांगायचं कसं? बिचाऱ्यांनी जिवापाड जपलं होतं. आणि गाऱ्हाण्याचाही मान राहायला हवा होता. मी चेहरा गंभीर केला. "सर, गाऱ्हाणं घातलंय, आता यंत्र सोवळ्यात आहे. कार्यक्रम होईपर्यंत तेलाचा हात लावायचा नाही. आणि देवाने ऐकलं की नाही ते बघायला आधी एखादी छोटी वस्तू काढून बघू."

इतकी वर्षं विज्ञान शिकवतेय, पण माझं म्हणणं इतक्या झटकन कोणाला पटलं नव्हतं. किल्ली मिळाली. प्लेट मी साबणाने खसाखसा घासली.

छोटी वस्तू कोणती, ते सांगायला नको. पहिलं झाकण सैल झालं, दुसरं बसेचना. ती हिरमुसली नाही. पुन्हा माप, पुन्हा संगणक, मग कानशीने थोडं घासणं. मला शिकवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं, मी नुसती शेजारी उभी. अखेर एक झाकण टिक करून बसलं. तिने मशीन कानामागे लावलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, ह्यो पंखो केवढो वाजता!"

तो खडखड्या पंखा कित्येक वर्षं आम्हा सगळ्यांच्या डोक्यात जात होता. त्या दिवशी त्याचा आवाज मला फार आवडला, आणि मला रडू आलं.

मग कैऱ्याही निघाल्या आणि कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी आपली कैरी उलटसुलट करून पाहिली, "छान आहे हो पोपट" म्हणाले आणि नवनिर्मितीवर बोलायला उभे राहिले. मुलांनी काय बनवलं, हे काही त्यांनी विचारलं नाही.

मुलगी पहिल्या रांगेत होती, कानामागे पोपटी ठिपका. सुरुवातीला ती मान पुढे करून एकेक शब्द ऐकत होती. भाषण जपानला गेलं, जर्मनीला गेलं, पण परत तालुक्यात यायचं नाव घेईना. तेव्हा केस सावरावेत तसा तिचा हात कानामागे गेला. अंगठ्याने झाकण उघडलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी शांतता आली की मला तिचा हेवाच वाटला.

तिच्याकडे बोट दाखवत सर माझ्याकडे झुकले आणि कौतुकाने कुजबुजले, "बघा मॅडम, चेडू कसा कान दिवन आयकता!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.