तिथी विचारणारे पंपवाले

तारापूरच्या बांधकामावर समुद्राचं पाणी ओढणारा पंप चिंचणीचे एक काका चालवत. घड्याळाच्या वेळेवर पंप आपोआप चालू-बंद करणारं पॅनेल मागवायचं होतं, म्हणून मी त्यांच्याकडून वेळा लिहून घ्यायला गेलो. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मीच.

“काका, पंप किती वाजता बंद करता?”

“आज तिथी कंची?”

“तिथी राहू द्या, वेळ सांगा.”

“आज साडेदहा.”

मी लिहिलं. त्यांनी पेन्सिल घेऊन ते खोडलं. “ओहोटी तिथीवर चालते, रोज पाऊण तास पुढं सरते, सायबा. घड्याळावर पंप सोडलास तर कोरडा फिरून जळंल. कालेजात दर्या नाय शिकवत?”

राग आला, तरी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. साडेदहाला भरपूर पाणी होतं. सव्वाअकराला त्यांनी उठून पंप बंद केला.

मी घड्याळ रद्द करून लिहिलं, ‘पाणी उतरलं की पंप थांबवणारा तरंगता गोळा हवा.’ त्यांना वाचून दाखवलं.

“बरा हाय,” ते म्हणाले. मग हळूच विचारलं, “गोळ्यावर शेवाळ चढंल, ते कोण खरवडंल?”

मी खाली लिहिलं, ‘शिवाय एक माणूस, दर्या ओळखणारा.’