गाईची देवी

परंड्याजवळच्या त्या गावात कुणाला देवी आल्या, म्हणजे अंगभर फोड उठले, की शांताक्काला बोलावणं जायचं. तिच्या तोंडावर लहानपणीच्या देवीचे वण होते. देवी एकदा येऊन गेली की त्या माणसाकडे पुन्हा फिरकत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून ती बिनघोर रोग्याच्या उशाशी बसे, कडुलिंबाचा पाला अंथरी आणि त्या घरात कुणी देवीला न खपणारी फोडणी दिली तर सुनांना फैलावर घेई. माणूस वाचलं तर देवी पावली, गेलं तर देवीनं नेलं. शांताक्का कधी चुकत नसे.

निजामाच्या अमलातली शेवटची वर्षं. शेजारच्या गावात साथ आली आणि परंड्याहून देवी टोचणारे रहीमुद्दीन साहेब चावडीत येऊन बसले. शांताक्काच्या घरात लहान एकच, लेकाची आईवेगळी पोर जगदेवी. तिचा हात घट्ट धरून शांताक्कानं विचारलं, "साहेब, तुमच्या सुईत देवी हाय का?"

साहेब शिकलेले. बाईची भीती घालवावी म्हणून म्हणाले, "नहीं अम्मा, देवी-बिवी कुछ नहीं. सिर्फ दवा है."

"मग कशाला टोचता?" म्हणून ती उठली. जी कधी आलीच नाही, ती पुन्हा येणार नाही कशावरून?

साहेबांनी कपाळावर हात मारला. शेवटी वैतागून खरं ते बोलले: ही गाईच्या अंगावरची देवी, गरीब स्वभावाची, ती येऊन गेली की मोठी येत नाही.

"आसं व्हय," म्हणत शांताक्का खाली बसली. सुईला हळदकुंकू लावू देईनात, तेव्हा तिनं ते साहेबांच्या पेटीला लावलं. जगदेवीचा दंड सुजला, ताप आला. घरात फोडणी बंद झाली. पुढे साथ गावात शिरली, कितीतरी घरांत रडारड झाली. पोरीला काही झालं नाही.

साहेब पुन्हा फेरीवर आले तेव्हा खुशीत होते. "देखा अम्मा? दवा का असर."

शांताक्का नातीच्या दंडावरचा वण चाचपत होती. "माजी लेक लक्ष्मम्मा एवढीच व्हती," ती म्हणाली. "तवाबी एक साहेब आलते. तेबी म्हनले, देवी न्हाय, नुसती दवा हाय. म्या पोरीला कणगीत लपवली. त्याच साथीत देवीनं नेली तिला." तिनं नातीला जवळ ओढलं. "खरं सांगितलं आसतं, तर म्याच पुढं घेऊन आले आसते."

साहेबांनी पेटी उचलली. पुढच्या गावात कुणी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "देवी है, अम्मा. गाय की."