नकाशेबाईंच्या चष्म्याखालचा डाग

गल्लीत बातमी अशी होती की नकाशेबाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढलं. कारण काय, तर टपाल कचेरीच्या रांगेत तो भर दिवसा एका परक्या बाईच्या मानेवर ओठ टेकवताना सापडला. बातमी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून निघाली आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या परक्या बाईला दोन मुलंही झाली होती.

खरी गोष्ट एवढीच, की ओठ नव्हते, भिंग होतं. आणि दाराबाहेर तो उभा होता ते किल्ली विसरला म्हणून. वर्षात दहा वेळा विसरतो. पण खरी गोष्ट कधी तीन जिने चढते का?

नकाशेबाई जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढतात. कागदावर बांधाची रेघ केसभर सरकली तर सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठतात, म्हणून बाईंचा हात दगडासारखा स्थिर आणि नाकावर विटेच्या वजनाचा चष्मा. यजमान कातडीचे डॉक्टर. गल्ली त्यांना भिंगवाले म्हणते. साधी खरूज, घामोळं त्यांच्याकडे कोणी नेत नाही. चार डॉक्टरांनी हात टेकले की मग माणूस त्यांच्या जिन्यावर दिसतो. टपालाच्या रांगेत पुढे उभ्या बाईच्या मानेवर त्यांना एक तीळ दिसला, एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने निळसर, कड फाटक्या कागदासारखी. खिशातून भिंग काढून ते वाकले. बाई किंचाळली. पण महिन्याभरात तोच तीळ काळा कॅन्सर निघाला, अगदी पातळ असतानाच कापला, आणि बाई वाचली. आता ती दर सहा महिन्यांनी मान दाखवायला येते, आणि येताना फुलं आणते.

ती फुलं बाईंच्या फुलदाणीत आठवडाभर राहतात. पाणी बाईंनाच बदलावं लागतं. आता बोला.

भिंगवाल्यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, कातडी राहते. घरात जेवताना मानवाली, टाचवाले, फोडवाल्या आजी अशा सगळ्यांची हजेरी. फोडवाल्या आजींचं फोडांनी भरलेलं तोंड आठ महिने दातांच्या डॉक्टरांनी धुतलं. यांनी अंगावरच्या फोडाशेजारची चांगली कातडी बोटाने जरा सरकवली, ती कांद्याच्या सालीसारखी निघून आली, आणि रोग सापडला. एका बाळाच्या अंगावर तपकिरी ठिपके. यांनी एक ठिपका चोळला, तो डोळ्यांदेखत डास चावल्यासारखा फुगला, आणि रोगाचं नाव सापडलं. "चोळल्यावर फुगला गं! फुगला!" सांगताना डोळ्यांत पाणी. लग्नाच्या दिवशी नव्हतं.

बाई हे सगळं तीस वर्षं गिळत आल्या. सवत असती तर एक असती, झिंज्या धरता आल्या असत्या. इथे अख्ख्या गावाची कातडी सवत. कोणाकोणाचे केस धरणार?

एके दिवशी मानवाली येऊन गेली होती. डॉक्टर आमटी भुरकत म्हणाले, "काय सुंदर भरून आलीय तिची मान! व्रण शोधावा लागतो."

बाईंनी आमटीचा डाव आपटला. "माझ्या मानेवर काय आहे सांगा बघू. न बघता."

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "डोकं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई तळमजल्यावरच्या शिवणवालीकडे गेल्या. ही बाईंची मैत्रीण. टाचण्या तोंडात धरूनही बोलू शकते, इतकी हुशार. बाईंनी तिच्या हातात आरसा दिला, स्वतः दुसरा धरला, आणि कचेरीतल्या दोन पेन्सिलींनी डाव्या कानामागे तीळ काढला. एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने निळसर, कड फाटक्या कागदासारखी. नवऱ्याच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवून काढला, उगाच नाही.

"बाई, भीती वाटते हो बघून," शिवणवाली म्हणाली.

"वाटू दे. ज्याला वाटायला हवी त्याला वाटते का बघू."

केस वर बांधून बाई आठ दिवस घरभर मान मिरवत फिरल्या. वाढताना कान नवऱ्याच्या ताटापर्यंत नेला. रोज अंघोळीनंतर तीळ नव्याने, थोडा मोठा. भिंगवाले वाटीतलं संपवून मासिक उघडत. शिवणवाली रोज संध्याकाळी दारात: "दिसला?" "नाही." "मग नाकावर काढा आता. शिंगच काढा!"

नवव्या दिवशी बाईंचा बांध फुटला. जेवणाच्या टेबलावर मासिक ओढून घेत त्या म्हणाल्या, "आठ दिवस! परकीची मान रांगेत दिसते, आणि बायकोच्या कानामागे एवढा तीळ दिसत नाही?"

"दिसला की," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी कानाजवळ होता. बुधवारी बोटभर खाली गेला, शुक्रवारी परत वर आला. तीळ असा फिरत नाही. पेन्सिल आहे ती."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, हल्ली असं काढत असतील बायका."

बाईंना हसावं की ताट फेकावं कळेना, तेव्हा त्या रडल्या. डोळे पुसायला चष्मा काढला. टेबलावरचा दिवा नेमका तोंडासमोर.

डॉक्टरांनी हात धुतले नाहीत, तसेच उठले. "हे काय आहे?"

"कुठे?"

"नाकावर. डोळ्याच्या कोपऱ्याशी. चष्म्याची गादी टेकते तिथे."

"ते चष्म्याचं आहे. तुम्हीच म्हणालात."

"मी? कधी?"

"मागच्या वर्षी. मी म्हटलं, इथे टोचतं, खपली धरते, तोंड धुताना रक्त येतं. तुम्ही हे असं मासिक धरून बसला होतात. म्हणालात, चष्मा सैल करून आण, आणि कपाटातून मलम काढून दिलंत. मी दोनदा सैल करून आणला. मलमाच्या तीन नळ्या संपल्या."

 डॉक्टरांनी दोन बोटांनी नाकावरची कातडी ताणली, भिंग आणलं, वाकले. मसुराएवढा खळगा, मध्ये खपली, आणि कड मोत्यासारखी चमकणारी. तिच्यावरून रक्ताच्या बारीक तांबड्या रेघा. तीस वर्षांत पहिल्यांदा तो चेहरा बाईंच्या चेहऱ्याच्या इतका जवळ आणि इतका वेळ थांबला. बाईंना हवं होतं ते हेच. पण भिंग हलत होतं. हा हात बाळाच्या पापणीवरही हलत नाही, हे बाई ऐकून होत्या.

"मानवालीच्या वेळी हलला होता का हात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

बाईंना, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं.

सकाळी डॉक्टरांनी बाईंना दवाखान्यात नेऊन रीतसर केसपेपर केला. स्वतःच्या बायकोचं वय विचारावं लागलं नाही, आठवणीनेच लिहिलं, दोन वर्षं कमी. बाईंनी ती चूक दुरुस्त केली नाही. तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढायला मात्र डॉक्टरांनी मित्राला बोलावलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दहा दिवसांनी कागद आला. कातडीचा कॅन्सर, पण गोगलगायीच्या चालीचा; दुसरीकडे पळत नाही, आहे तिथेच पोखरत बसतो. आणखी वर्षभर मलम चोळत बसलं असतं तर पापणी गेली असती, नाकाची बाजू गेली असती.

त्या रात्री डॉक्टर जेवले नाहीत. "तू पेशंट म्हणून आली असतीस, तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं," एवढंच म्हणाले. बाईंनी "जेवा" म्हटलं नाही. थोडा वेळ उपाशी राहू दे, असं त्यांना मनापासून वाटलं.

शस्त्रक्रिया करणारा सर्जन मोठ्या दवाखान्यातला. चाळिशीचा, गालाला खळी, आवाज मऊ. त्याची रीत अशी, की जागा बधिर करून पातळ थर कापायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली चारी कडा तपासायच्या, जिथे रोग उरला असेल तेवढ्याच बाजूचा पुढचा थर. कुठली कड कुठली ते चुकू नये म्हणून तो कागदावर नकाशा काढतो, कडांना रंग देतो. बाई पडल्या पडल्या त्याच्या कागदाकडे बघत होत्या.

"यात वर कुठली बाजू?" त्यांनी विचारलं.

"कपाळाकडची, मॅडम."

"मग बाण काढा. बाण नसलेला नकाशा आम्ही परत पाठवतो."

त्याने हसून बाण काढला. पहिल्या थरात रोग डोळ्याच्या बाजूला उरला, दुसऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा, तिसरा स्वच्छ. प्रत्येक थराला तासभर. डोळा वाचला, नाक वाचलं. गालाकडची थोडी कातडी सरकवून खड्डा शिवला. डॉक्टरांना नातेवाईक म्हणून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आत कोणी घेईना. इतक्या वर्षांत ते अशा बाकावर पहिल्यांदा बसले, आणि दर पंधरा मिनिटांनी उठून दाराच्या काचेतून बघत होते. शिवणवाली शेजारी बसली होती, तिने हे सगळ्या गल्लीला उभं राहून करून दाखवलंय.

घरी आल्यावर बाई पट्टी बांधून आरामखुर्चीत. "सर्जन म्हणाले, या वयात अशी कातडी क्वचित बघायला मिळते," त्यांनी छताला सांगितलं.

"सगळ्यांना म्हणतो तो," डॉक्टर म्हणाले.

"आणि म्हणाले, डोळे बोलके आहेत."

"डोळ्यांचं काय काम त्याला? त्याने नाक बघावं."

टाके काढायला गेले तेव्हाही डॉक्टर बाहेरच. घरी परतताना जिन्यात त्यांना धीर धरवेना. शिवणवालीचं दार उघडं होतं, तरी बोललेच.

"सात टाके. मी चार मिनिटांत काढतो. तो अर्धा तास आत काय करत होता?"

"बघत होते."

"काय बघत होता एवढं?"

"नाक, गाल, मग डोळे. उजेडाकडे वळवून परत नाक."

"अर्धा तास? माझ्या बायकोकडे अर्धा तास बघायचं त्याला कारण काय?"

बाई पायरीवर थांबल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने सावकाश पुसला.

"मी त्यांची बायको नाही ना," त्या म्हणाल्या. "म्हणून."