साडेसतरा किलोची जळजळ

दोन तास सायकल चालवायची आणि तीन तास पोह्यांच्या गाडीपाशी उभं राहून त्यावर बोलायचं, असं ज्या ग्रुपचं वेळापत्रक आहे तिथे किस्से साठणार नाहीत तर काय होणार! आमच्या ग्रुपमध्ये माणसं मोजून चार. पण बोलायला बसलो की पोहेवाला आपला कांदा चिरायचा थांबतो.

हे सगळे किस्से एकाच सायकलचे आहेत. आणि आधीच सांगून टाकतो, यात मी चांगला माणूस नाही. मी जळलो. साफ जळलो. आमच्या गावाच्या नावातच 'जळ' आहे, त्याला मी काय करणार?

तर ग्रुप असा. मी विलास, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट. हेमंत, माझा शाळेपासूनचा मित्र, सहा फूट एक इंच, चोपड्याकडे केळीचे मळे. डॉक्टर मॅडम, दातांच्या. आणि जगन नाना, मूळचे साक्रीचे, रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर, वय बासष्ट आणि तोंड पंचविशीचं.

रोज सकाळी नशिराबादपर्यंत जाऊन यायचं. रविवारी मात्र हेमंतच्या केळीच्या पिकअपमध्ये वाळकी पानं अंथरून त्यावर सायकली आडव्या टाकायच्या, चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी उतरवायच्या आणि मारुतीच्या टेकडीचा कच्चा रस्ता चढायचा. वर देवळात घंटा आहे. जो पहिला पोचेल त्याने ती वाजवायची. खालचे दमलेले लोक ती ऐकतात आणि शिव्या देतात.

सहा वर्षं ती घंटा मी वाजवली. कॉलेजात मला कोणी विचारत नाही, घरी तर नाहीच नाही. पण रविवारी सकाळी ती घंटा माझी होती. एवढं लक्षात ठेवा.

*

इलेक्ट्रिक माउंटन बाइक हे माझं वेड. हलकी हवी, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन हवं. दोन वर्षं मी मोबाइलवर फक्त तेच बघत होतो. कुठली मोटर आवाज करते, कुठली बॅटरी किती ग्रॅमची, सगळं पाठ. बायको म्हणायची, "एवढा अभ्यास दहावीला केला असता तर आज स्वतःच्या पैशांनी घेतली असती!"

एका रविवारी पोहे खाताना हेमंत सहज म्हणाला, "विल्या, तू ती सायकल सांगत असतोस ना, बॅटरीची? मी घेतो म्हणतो."

मी म्हटलं, "वा!"

"पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू निवड, मी घेतो."

माझ्या घशात पोहे अडकले. मॅडमनी पाठीवर दोन थापा मारल्या. पाणी पिऊन मी म्हणालो, "हो ना, त्यात काय एवढं!"

घरी आल्यावर छातीत जळजळायला लागलं. बायकोने गोळी हातात ठेवली आणि विचारलं, "पोहे तिखट होते, की हेमंतभाऊंनी काही नवीन घेतलं?"

*

मग निवडसमितीच्या बैठका सुरू झाल्या. मी मोबाइलवर फोटो दाखवायचो आणि नाना त्यांच्या अहिराणीत शंका काढायचे.

"इलेक्ट्रिक शे ना? मंग पायडल कसाले?"

मी समजावलं, की नाना, आपण पेडल मारलं तरच मोटर जोर लावते. आपण थांबलो की तीही थांबते.

नानांनी विचार केला. "म्हंजे धक्का मारनारा मानूस सायकलमाच बठेल शे!"

याहून चांगलं मी दोन वर्षांत कुठे ऐकलं नव्हतं. मग मी त्यांना पुढचा आणि मागचा शॉकप दाखवला. नाना उखडलेच. "तीस वरीस ट्रक चालाडा, कंबर मोडी गई. आन् तुमनी सायकलले दोन दोन शॉकप!"

मी अर्धा तास घसा कोरडा करून सांगत राहिलो, मोटर, बॅटरी, ब्रेक, टायर. शेवटी नाना म्हणाले, "बठ्ठं आयकं. एव्हरेज कितला देस?"

*

खरी गंमत वजनावरून झाली. मी हेमंतला सांगितलं, जड सायकल स्वस्त, हलकी महाग. मोठी बॅटरी स्वस्तातल्या सायकलला, छोटी बॅटरी महागातलीला.

हेमंतला हे काही केल्या पटेना. "म्हणजे सामान कमी आणि पैसे जास्त?"

"हलकेपणाचे पैसे असतात."

"आम्ही आयुष्यभर वजनाचे पैसे घेतले रे! वजन नसल्याचे पैसे कोणी घेतं हे आजच कळलं. उद्या व्यापाऱ्याला सांगतो, घड हलका आहे, भाव वाढव."

मॅडम म्हणाल्या, "दोन किलो कमी करायला एवढे पैसे कशाला? जिलबी सोडा."

शेवटी साडेसतरा किलोची एक ठरली. मी ठरवली. गेली दोन वर्षं रोज झोपण्याआधी मी जी बघायचो, तीच.

*

घेण्याआधी एकदा चालवून बघू म्हणून आम्ही दोघं धुळ्याला गेलो. तिथे एका गृहस्थांकडे तशीच सायकल होती. कंपनी वेगळी, पण जातकुळी तीच. माणूस अगत्यशील. चहा दिला, शेव दिली, आणि हेमंतला म्हणाले, "घ्या, साक्री रोडला एक चक्कर मारून या!"

हेमंत टांग टाकून निघाला. लार्ज फ्रेम होती, त्याला अशी बसली की जणू मापून शिवलीय. मी फाटकापाशी उभा. एका हातात त्याचा मोबाइल, दुसऱ्या हातात गॉगल.

गृहस्थांनी मला आपुलकीने विचारलं, "तुम्ही यांच्याकडे ड्रायव्हर का?"

हेमंत परत आला तो लहान पोरासारखा हसत. "अहो, विल्याला पण द्या एक चक्कर. खरा जाणकार तोच आहे!"

गृहस्थांनी स्क्रीनकडे पाहिलं. "अरेरे, बॅटरी संपत आली बघा."

येताना पारोळ्यापर्यंत हेमंत बोलत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. त्याला वाटलं मला गाडी लागली. त्याने गाडी थांबवून लिंबू-सरबत पाजलं.

*

आता माझं पाप.

ऑर्डरचा फॉर्म मीच भरला. त्यात साइज विचारली होती. हेमंत सहा फूट एक, म्हणजे लार्ज. यात निवडण्यासारखं काही नव्हतंच. मी पाच फूट सहा, म्हणजे मिडियम.

मी मिडियम लिहिलं.

का लिहिलं? खरं सांगू? ती सायकल माझी होणार नाही हे मला दिसत होतं. मग निदान माझ्या मापाची तरी असू दे, कुणाच्याही दारात उभी का असेना! हा विचार मनात आला, आणि बोटाने बटण दाबलंसुद्धा.

हेमंतने फॉर्म बघून विचारलं, "धुळ्याची कुठली साइज होती रे?"

"ती कंपनी वेगळी. प्रत्येकीचं माप वेगळं असतं," मी म्हटलं. "आणि डोंगरात छोटी फ्रेमच चपळ."

हे अर्धं खरं होतं, त्यामुळे बोलताना जीभ अडखळली नाही. हेमंत क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं." नंतर पैसे भरायला तो एकटाच दुकानात जाऊन आला.

*

सायकल थेट मळ्यावर आली. खोकं उघडलं आणि मी आधी बोललो, "वजन करू!" कारण माझी खात्री होती की कंपन्या थापा मारतात. आणि ती जड निघावी अशी मी देवाकडे प्रार्थनाच करत होतो.

केळीच्या काट्यावर भिलाभाऊ असतात. वीस वर्षं तेच वजन करतात. सायकल काट्यावर ठेवली. आकडा आला, अठरा किलो नऊशे.

"बघा!" मी ओरडलोच. "फसवलं! साडेसतरा म्हणे!" इतका आनंद मला प्रमोशनलासुद्धा झाला नव्हता.

भिलाभाऊंनी आकड्याकडे बघितलं, सायकलच्या सीटखालच्या नळीकडे बघितलं आणि नेहमीच्या खड्या आवाजात पुकारलं, "सतरा पाचशे! दांडा वजा!"

मळ्यातली माणसं हसून हसून खाली बसली. सवय हो! प्रत्येक घडामागे ते दांड्याचं तेवढं वजन वजा करतातच. पण आकडा नेमका कंपनीचाच आला, आणि माझं तोंड तेवढं उतरलं.

*

पहिल्या रविवारी मी जीव तोडून चढत होतो. अर्ध्यावर आलो तर मागून आवाज, "हां बोला शेठ! नाही नाही, चढावर आहे, पण बोला तुम्ही! परवा दोन गाड्या भरतो!"

हेमंत केळीचा सौदा करत माझ्या शेजारून निघून गेला! फोनवर! मला श्वास घ्यायला जमत नव्हतं आणि हा माणूस शेठजींच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करत होता.

थोड्या वेळाने वरून घंटा वाजली. खालून नाना ओरडले, "आज घंटा कोनी वाजाडी रे?"

सहा वर्षांत ती घंटा मी खालून कधी ऐकली नव्हती. मोठी वाटते खालून.

एकच समाधान होतं. त्या छोट्या फ्रेमवर हेमंत टोळासारखा दिसत होता, गुडघे पार हँडलपर्यंत. मॅडमच्या ते लगेच लक्षात आलं. "हेमंत, तुमचे गुडघे जरा जास्तच वर येतायत का?"

"सवय होईल!" मी म्हणालो. हेमंतच्या आधी.

*

सवय झाली नाही. दोन महिन्यांत हेमंतचा उजवा गुडघा दुखायला लागला. त्याने मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "गुडघ्याला दात असते तर सांगितलं असतं. हाडांच्या डॉक्टरकडे जा."

मी त्या आठवड्यात नीट जेवलो नाही. बायकोने न विचारता गोळी ताटाशेजारी ठेवली. तीन वेळा फोन हातात घेतला, की सांगून टाकू, साइज मी मुद्दाम चुकवली. तिन्ही वेळा बोलणं झालं ते केळीच्या भावावर.

रविवारी टेकडीपाशी पोचलो. हेमंत लंगडत पिकअपमधून उतरला, वाळक्या पानांतून आपली सायकल काढली आणि माझ्यासमोर उभी केली.

"आज तू घे. मी नानांबरोबर खाली थांबतो, चहा करतो."

"अरे, पण..."

"चढ की! का आता मुहूर्त काढू?"

मी सीट खाली घ्यायला वाकलो. सीट आधीच खाली घेतलेली होती. बरोबर माझ्या मापाला.

बसलो आणि निघालो. काय सांगू तुम्हाला! दोन वर्षं मोबाइलमध्ये जे बघितलं होतं ते सगळं खोटं होतं, खरं याहून भारी होतं. दगड आले आणि गेले, मला कळलेसुद्धा नाहीत. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने, असं मी मॅडमना नंतर सांगितलं. देवळापाशी पोचलो. घंटेचा लोळा हातात धरला आणि उभा राहिलो. वाजवू की नको, कळेना. मग वाजवली. एकदाच.

बऱ्याच वेळाने मॅडम चढून वर आल्या. धापा टाकत पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि हसायला लागल्या.

"काय झालं?"

"अहो, मी पहिल्या वळणावरच चेन बसवत थांबले होते. खालचं सगळं ऐकू येत होतं. तुमची घंटा वाजली तसं नानांनी विचारलं, 'आज घंटा कोनी वाजाडी?'"

"मग?"

"हेमंत चहात साखर टाकत होता. म्हणाला, 'ज्याच्या मापाची सायकल आहे, त्याने.'"