सुनेचं नाव

नोटरीच्या टेबलाशी मी साक्षीदार म्हणून उभी होते. शेजारच्या मालतीकाकूंनी लिहून ठेवलं होतं, की बरं होण्याची आशा नसेल तर मला व्हेंटिलेटर लावू नका. त्यांना स्वतःला बोलता येत नसेल तेव्हा कोणाला विचारायचं, तिथे सुनेचं नाव होतं.

नोटरीने चष्म्यावरून पाहिलं. "मुलगा नाही का?"

"आहे ना," काकू म्हणाल्या. "पण 'थांबवा' म्हणायचं त्याच्याच्याने व्हायचं नाही. हिच्याशी वीस वर्षं भांडतेय. माझं 'नको' म्हणजे नकोच, हे हिला पक्कं ठाऊक आहे."

जीव लावणारी माणसं घरात पुष्कळ असतात. या कागदाला हवं असतं आपलं ऐकणारं माणूस.

शिक्का बसला. शेजारी उभी असलेली सून शाई वाळावी म्हणून फुंकर घालू लागली आणि वाळल्यावरही घालतच राहिली.